गिल्बर्ट व्हाइट आणि लांब पायांचा पाहुणा

कीर्ति मिळवावयाची तर घर सोडून दूर देशीं जावें, समुद्र ओलांडावे, पर्वत चढावे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वीं खोटी आहे असें नाहीं. परंतु आयुष्याचा बहुतेक काळ एका लहानशा खेड्यांत घालवून, कुंपणावरच्या पांखरांकडे आणि शेताच्या बांधाकडे चाळीस वर्षांहून अधिक काळ लक्ष देऊन ज्याचें नांव चिरस्थायी झालें, असाहि एक पुरुष होऊन गेला. त्याचें नांव रेव्हरंड गिल्बर्ट व्हाइट. त्याच्या चरित्रांत युद्ध नाहीं, राजदरबार नाहीं, संकटाचा प्रवास नाहीं. असें असतां दोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याचें पुस्तक लोक आवडीनें वाचतात. ह्याचें कारण काय असावें, तें टिटवीच्या गणांतील दोन पक्ष्यांचा त्यानें जो शोध केला त्यावरून चांगलें कळून येतें.

गिल्बर्ट व्हाइट ह्याचा जन्म १८ जुलै १७२० रोजीं दक्षिण इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत सेल्बर्न ह्या गांवीं झाला. हा गांव लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारें पन्नास मैलांवर आहे. त्याची वस्ती त्या काळीं पावणेसातशेंच्या आसपास होती. गांवाच्या पाठीशीं खडूच्या दगडाची उंच टेकडी, तिच्या उतारावर बीच वृक्षांचें दाट रान, आणि पलीकडे ओसाड माळ व तळीं, असा तो प्रदेश होता. गिल्बर्टचे आजोबा त्या गांवचे पाळक होते व त्यांच्याच घरांत ह्या मुलाचा जन्म झाला. पुढें त्याचें कुटुंब गांवांतील ‘वेक्स’ नांवाच्या घरांत राहावयास गेलें, आणि तेंच घर शेवटपर्यंत त्याचें घर झालें.

बेसिंगस्टोक येथें शिक्षण झाल्यावर तो ऑक्सफर्ड येथील ओरिएल महाविद्यालयांत दाखल झाला. १७४३ सालीं त्यानें पदवी घेतली व पुढल्याच वर्षीं तेथें त्यास फेलोची जागा मिळाली. १७४९ सालीं त्यास पाळकपदाची दीक्षा मिळाली. एवढ्या विद्येच्या बळावर त्याला अन्यत्र चांगल्या उत्पन्नाच्या जागा मिळण्यासारख्या होत्या. परंतु त्याचें मन सेल्बर्नवर जडलेलें होतें. तेथील मुख्य पाळकाची नेमणूक करण्याचा अधिकार ऑक्सफर्डच्याच मॉडलिन महाविद्यालयाकडे होता. व्हाइट पडला ओरिएलचा, म्हणून ती जागा त्यास कधींच मिळाली नाहीं. तेव्हां आसपासच्या मंडळ्यांचा, आणि १७८४ पासून खुद्द सेल्बर्नचा, केवळ सहायक पाळक म्हणून त्यानें आयुष्य काढलें. त्यानें लग्न केलें नाहीं. मोठेपणाची वाट सोडून त्यानें आपल्या गांवची वाट धरली, आणि तिचा त्यास कधीं पश्चात्ताप झाल्याचें दिसत नाहीं.

१७५१ पासून तो आपल्या बागेची रोजनिशी लिहूं लागला. कोणती भाजी केव्हां पेरली, काकडीच्या वाफ्यास किती ऊब दिली, अशा साध्या गोष्टी तींत असत. हळूहळू तींत पाऊस, वारा, फुलें, किडे व पक्षी ह्यांस जागा मिळाली. १७६८ पासून तो सृष्टिनिरीक्षणाची स्वतंत्र नोंदवही ठेवूं लागला, आणि तो क्रम मृत्यूपूर्वीं थोड्याच दिवसांपर्यंत चालला. थॉमस पेनंट नांवाचा प्राणिशास्त्रज्ञ व डेन्स बॅरिंग्टन नांवाचा एक विद्वान् न्यायाधीश ह्या दोघांशीं त्याचा दीर्घकाळ पत्रव्यवहार चालला होता. हींच पत्रें पुढें त्याच्या पुस्तकाचा गाभा झालीं.

त्याच्या काळीं बहुतेक पंडित पक्ष्यांचा अभ्यास कपाटांतील पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून करीत. चोंच मोजावी, पिसें मोजावीं, आणि लॅटिन नांव द्यावें, कीं काम झालें! व्हाइटची रीत निराळी होती. पक्षी मोजावा हें त्यालाहि मान्य होतें. पण तो काय खातो, कोठें निजतो, कसा ओरडतो, केव्हां येतो व केव्हां जातो, हें कळल्याशिवाय तो ओळखला असें त्यास वाटत नसे. वटवट्याच्या जातीचे तीन बारीक हिरवट पक्षी इतके सारखे दिसत कीं लोक त्यांना एकच समजत. व्हाइटनें प्रथम त्यांचा आवाज ऐकला, तीन आवाज तीन प्रकारचे आहेत हें ओळखलें, आणि मग पिसांतील भेद ताडून पाहिले. कानांनीं दाखविलेली वाट डोळ्यांनीं तपासून घ्यावी, हा धडा त्यानें घालून दिला.

परंतु एका प्रश्नानें त्याला जन्मभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं. हिवाळा आला म्हणजे पुष्कळ पक्षी दिसेनासे होतात, ते जातात कोठें? ते उष्ण देशांत जातात असें कांहीं म्हणत. दुसरे म्हणत, कीं भिंगरीसारखे पक्षी झाडांच्या ढोलींत, कड्यांच्या भेगांत, किंबहुना तळ्याच्या तळाशीं चिखलांत थंडीभर निजून राहतात. बॅरिंग्टनचा देशांतराच्या कल्पनेवर विश्वास नव्हता. उलट व्हाइटचा धाकटा भाऊ जॉन हा जिब्राल्टर येथें लष्करी पाळक होता, आणि ऋतु पालटतांना पक्ष्यांचे थवेच्या थवे ती सामुद्रधुनी ओलांडतात हें त्यानें प्रत्यक्ष पाहून भावास कळविलें होतें. त्यामुळें पुष्कळ पक्षी दूर देशीं जातात ह्याविषयीं व्हाइटची खात्री झाली. पण कार्तिकाच्या थंडींत एखादी चुकार भिंगरी दिसली, कीं त्याचें मन डळमळे, आणि कांहीं थोड्या तरी येथेंच लपून राहत असतील असें त्यास वाटे. मग तो माणसें लावून झुडपें व बिळें धुंडाळी. निजलेली भिंगरी त्यास कधींच सांपडली नाहीं. सांपडली असें मात्र त्यानें कधींहि लिहिलें नाहीं.

ह्याच प्रश्नापायीं करवानकाकडे त्याचें लक्ष गेलें. आपल्याकडील माळरानांवर व नदीकांठच्या दगडगोट्यांत मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा, जाड गुडघ्यांचा जो करवानक दिसतो, त्याचा हा युरोपांतील भाऊबंद. तो टिटवीच्या गणांतील असला तरी पाण्यापेक्षां कोरड्या माळावरच अधिक रमतो. हा पक्षी घरटें न बांधतां उघड्या जमिनीवर दोन, क्वचित् तीन अंडीं घालतो. त्यामुळें नांगरणींत शेतकऱ्याच्या हातून पुष्कळ अंडीं फुटतात. पिलें अंड्यांतून बाहेर पडतांच धांवूं लागतात, आणि त्यांचा रंग गारगोट्यांशीं इतका जुळतो कीं पिलाचा डोळा दिसला तरच तें दिसतें. हें सर्व व्हाइटनें १७६८ सालीं पेनंट ह्यास कळविलें. संध्याकाळीं त्यांचा कोलाहल मैलभर ऐकूं येई. परंतु ऐन हिवाळ्यांत हे पक्षी कोठें जातात? समुद्राजवळच्या चिचेस्टर भागांत एक मित्र राहत असे. ते थवे केव्हां जमवितात व ऐन थंडींत तेथून नाहींसे होतात कीं काय, ह्यावर बारीक नजर ठेवण्याची विनंति त्यास करावयाचें व्हाइटनें ठरविलें.

ह्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं, १७८८ च्या फेब्रुवारीअखेर, त्यास करवानकाची शीळ ऐकूं आली, आणि १ मार्चच्या रात्रीं अंधारांत कांहीं करवानक गांवावरून ओरडत गेले. उडतांना सोबती चुकूं नयेत म्हणून ते ही आंखूड शीळ घालीत असावेत, असें अनुमान त्यानें केलें. आणि उन्हाळी पाहुण्यांत सर्वांआधीं परतणारे हेच होत, असें टिपून ठेविलें. एका साध्या शंकेचा माग वीस वर्षें न सोडणें, ह्यांत केवढी चिकाटी आहे! तेथील करवानक थंडींत दक्षिण युरोप व आफ्रिका ह्या बाजूस जातात आणि मार्चच्या सुमारास परततात, हें आज ठाऊक झालें आहे. म्हणजे व्हाइटनें अंधारांत ऐकलेली ती शीळ खरोखरच प्रवाशांची होती.

आतां दुसऱ्या पक्ष्याची गोष्ट. १७७९ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत, सेल्बर्नपासून कांहीं मैलांवर सरे परगण्यांतील फ्रेन्शम तळ्याच्या कांठीं सहा अपरिचित पक्षी उतरले. तळें विंचेस्टरच्या बिशपच्या मालकीचें होतें. तेथील राखणदारानें त्यांपैकीं पांच पक्षी बंदुकीनें मारले, आणि मग जिज्ञासा पुरी झाल्यामुळें सहाव्यास जिवंत सोडलें. त्या पांचांतील एक व्हाइटच्या हातीं आला.

पक्षी पाहून तो थक्क झाला. पाय इतके लांब, कीं पाहणाराची थट्टा करण्यासाठीं ते कोणीं मागाहून चिकटविले असावेत असें वाटावें. इंग्रजींत ह्या पक्ष्यास नांवसुद्धां नव्हतें. व्हाइटनें जुने ग्रंथ चाळले. पूर्वींच्या रे व विलबी ह्या नामांकित पक्षिशास्त्रज्ञांनीं हा पक्षी कधीं पाहिला नव्हता. पेनंटला तो फक्त पॅरिस येथील संग्रहांत दिसला होता. लिनियसचा शिष्य हासेलक्विस्ट ह्यानें तो शरद् ऋतूंत मिसर देशांत येतो असें लिहून ठेविलें होतें. ब्रिटनमध्यें पूर्वीं तो दोनच वेळां सांपडल्याची नोंद होती. ह्या सर्वांचा मेळ घालून व्हाइटनें ठरविलें, कीं हा दक्षिण युरोपांतील पक्षी होय, आणि वाट चुकून इतक्या उत्तरेस आलेला पाहुणा होय. कारण इतक्या विलक्षण बांध्याचा पक्षी दरवर्षीं ह्या देशांत वीण घालीत असता, तर तो लोकांच्या दृष्टीस पडल्याशिवाय राहता ना. हें अनुमान अगदीं बरोबर होतें. ह्या पक्ष्यास टिटवी-चिखल्यांच्या गोत्रांत घालावें व लांब काठ्यांवर चालणाऱ्या माणसावरून नांव द्यावें, असेंहि त्यानें सुचविलें. आजचें इंग्रजी नांव त्याच अर्थाचें आहे.

हा पक्षी म्हणजे आपला शेकाट्या! इंग्लंडांत जो दुर्मिळ पाहुणा म्हणून मोजला गेला, तो महाराष्ट्रांत उजनी, जायकवाडी व नांदूर मध्यमेश्वर येथील जलाशयांवर, मुंबईच्या खाड्यांत, आणि गांवोगांवच्या तळ्यांवर नित्य दिसतो. आपल्या देशांत तो पाण्याच्या सोयीप्रमाणें जागा बदलीत बारा महिने राहतो, आणि थंडींत त्याची संख्या वाढते.

आतां व्हाइटची परीक्षा कोठें कमी पडली तेंहि सांगितलें पाहिजे. त्यानें पक्षी साफ करून त्यांत मिरपूड भरली व तोलला, तों वजन सव्वाचार औंस भरलें. मांडीचा पिसें नसलेला भाग साडेतीन इंच व खालचा पाय साडेचार इंच, मिळून आठ इंच. मग त्यानें रोहित पक्ष्याशीं तुलना केली. रोहिताचें वजन त्यानें चार पौंड व पाय वीस इंच धरले. चार पौंड म्हणजे सव्वाचार औंसांच्या पंधरा पट. तेव्हां शेकाट्याच्या प्रमाणांत रोहिताचे पाय आठ इंचांच्या पंधरा पट, म्हणजे दहा फूट असावयास पाहिजे होते, असा त्यानें हिशेब मांडला. आणि वजनाच्या मानानें शेकाट्याइतके लांब पाय कोणत्याहि ज्ञात पक्ष्याचे नाहींत असें ठरविलें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ह्यांतील चूक सांपडेल. लांकडाचा ठोकळा लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही बाजूंनीं दुप्पट केला तर त्याचें वजन दुप्पट नव्हे, आठपट होतें. म्हणून वजन पंधरा पट झालें तर लांबी पंधराच्या घनमूळाइतकी, म्हणजे सुमारें अडीच पट वाढावी. आठ इंचांची अडीच पट म्हणजे वीस इंच. आणि रोहिताचे पाय व्हाइटच्याच मापानें वीस इंच होते! दोन्ही पक्षी एकाच प्रमाणांत घडले आहेत हें त्याच्याच आंकड्यांत दडलेलें होतें. त्यानें मोजमाप खरें लिहून ठेविलें, म्हणूनच मागाहून येणाऱ्यांस हिशेबांतील चूक सुधारतां आली. खोट्या आंकड्यांतून असा लाभ कधींहि झाला नसता.

दुसरी चूक मेलेल्या पक्ष्यामुळें झाली. एवढे लांब पाय, इतक्या दुबळ्या मांड्या, आणि त्यांत मागचें बोट नाहीं. तेव्हां हा पक्षी चालतांना सारखा डगमगत असेल व त्यास तोल सांवरणें कठीण जात असेल, असा त्यानें तर्क केला. हा पक्षी चालतांना पाहावयास मिळाला तर मोठी मौज होईल, असें त्यास फार वाटे. पण तें त्याच्या दैवीं नव्हतें. आपल्याकडील गुराखी पोर त्याला सांगूं शकतें, कीं शेकाट्या मुळींच डगमगत नाहीं. तो एकेक पाय पाण्यांतून अलगद उचलतो व डौलानें पुढें टाकतो. लांब पायांमुळें त्याच्या आकाराच्या इतर पक्ष्यांस न साधणाऱ्या खोलींत त्यास शिरतां येतें, आणि सरळ, बारीक, काळ्या चोंचीनें तो पाण्यांतील किडे, अळ्या व गोगलगाई टिपतो. कोरड्या जमिनीवरचें भक्ष्य टिपतांना मात्र त्यास बराच वांकावें लागतें. ज्याला आपण त्याचा उलटा गुडघा म्हणतों तो वस्तुतः त्याचा घोटा होय. खरा गुडघा वर पिसांत झांकलेला असतो.

शेकाट्या ओळखणें कठीण नाहीं. पोट पांढरें, पंख काळे, पाय गुलाबी-लाल. नराची पाठ चकचकीत काळी व मादीची तपकिरी झांक असलेली असते. डोक्यावरचा काळा रंग कोणास असतो, कोणास नसतो, म्हणून त्या खुणेवर विसंबूं नये. उडतांना पाय शेपटीच्या पुष्कळ मागें लोंबतात. पाण्याच्या कडेला, चिखलावर किंवा लहानशा बेटावर मादी बहुधा चार अंडीं घालते. कोणी जवळ आलें, कीं आईबाप कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालतात, आणि कधीं जखमी झाल्याचें सोंग करून शत्रूस दूर नेतात. ह्यांतील एकहि गोष्ट मिरपूड भरलेल्या कातड्यावरून कळण्यासारखी नव्हती.

व्हाइटचें पुस्तक त्याचा भाऊ बेंजामिन ह्यानें लंडन येथें छापलें, व त्यावर १७८९ हें साल आहे. त्याच्या पुढें पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. चार्लस् डार्विन ह्यानें तें मुलपणीं वाचलें, आणि तेव्हांपासून पक्ष्यांच्या संवयी पाहण्याचा त्यास नाद लागला. जमिनीची मशागत गांडुळें करतात, हें व्हाइटनें सुचविलें होतें. त्यावर स्वतंत्र ग्रंथ डार्विननें १८८१ सालीं लिहिला. पुस्तक निघाल्यावर चारच वर्षांनीं, २६ जून १७९३ रोजीं, व्हाइट आपल्या घरीं वारला. सेल्बर्नच्या उपासनामंदिराच्या आवारांत त्याची समाधि आहे. तिच्या लहानशा दगडावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व मृत्यूची तारीख, एवढेंच कोरलेलें आहे.

त्याच्या मोठ्या प्रश्नाचें उत्तर पुढें एका शिक्षकाच्या युक्तीनें मिळूं लागलें. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन नांवाच्या शाळामास्तरानें १८९९ सालीं पक्ष्यांच्या पायांत आंकडे कोरलेलीं हलकीं कडीं घालून त्यांना सोडून देण्याची पद्धत सुरू केली. १९११ सालीं इंग्लंडांत अशी कडी घातलेली एक भिंगरी १९१२ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत नाताळ प्रांतांत सांपडली. ती ढोलींत निजली नव्हती. अर्धें जग ओलांडून गेली होती. मुंबईच्या १८८३ सालीं स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनेंहि सलीम अली ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९५९ पासून पक्ष्यांस कडीं घालण्याचें मोठें काम केलें. इंग्लंडांत शेकाट्यानें १९४५ सालीं नॉटिंगहॅमशायरमध्यें वीण घातली, आणि अलीकडे दक्षिणेकडील कांहीं पाणथळींत तो पुन्हां पुन्हां घरटीं करूं लागला आहे. वाट चुकलेला पाहुणा तेथें घर करूं पाहत आहे. करवानक मात्र नांगरटीमुळें तेथें फार कमी झाला, आणि आतां शेतकऱ्यांच्या मदतीनें त्याचीं अंडीं जपावीं लागतात.

विद्यार्थिमित्रहो, व्हाइटजवळ दुर्बीण नव्हती, छायाचित्राचें यंत्र नव्हतें, आणि जिवंत शेकाट्याहि नव्हता. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर तो आहे. तेव्हां एखाद्या सकाळीं वडिलांसह तळ्यावर जावें. आधीं नांव विचारूं नये, आधीं पाहावें. पायांचा रंग, चोंचीचा आकार, तो कसा चालतो, काय खातो, कोणत्या महिन्यांत दिसतो, हें तारखेसह वहींत लिहावें. जें स्वतः पाहिलें तें निराळें लिहावें, जें ऐकलें तें निराळें. पुढल्या वर्षीं त्याच जागीं पुन्हां जावें. पालकांसहि एक विनंति आहे, कीं मुलाची अशी वही केवळ वेळेचा अपव्यय समजूं नये.

फ्रेन्शमच्या तळ्यावर पांच पक्षी पडले, आणि त्यांच्यापासून जगाला एक वजन व दोन मापें मिळालीं. शेकाट्या कसा चालतो, हें व्हाइटला सांगणें त्या सहाव्या पक्ष्यालाच शक्य होतें. पक्षी ओळखावा तो जिवंत असतांना, आणि आपण तेथून निघालों तरी तो तेथेंच चरत राहावा.